अडीचशे ग्रॅमचा घोळ: कार्टेलशी लढणारी नायिका आणि विट्याकडचे वाचक

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयानं डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात एक भाषांतरित थरारकादंबरी चोवीस सभासदांना ठरवून वाचायला दिली आणि त्यांच्या प्रतिक्रिया लेखी गोळा केल्या. एरवी देवघेव रजिस्टरवरून एवढंच कळतं की पुस्तक किती वेळा बाहेर गेलं आणि किती उशिरा परत आलं. इथं वाचक कुठल्या पानावर अडला, का अडला आणि अडल्यावर पुढं गेला की नाही, हे बघायचं होतं. वाचनालय, कादंबरी आणि वाचक यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशीलही थोडे बदलले आहेत.

कथानक असं. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात ॲव्होकाडोच्या पॅकिंग हाउसमध्ये हिशेब लिहिणारी एक बाई. नवरा बागायतदार. त्यानं कार्टेलला, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळीला, खंडणी द्यायचं नाकारलं म्हणून त्याचा खून होतो. बाई पॅकिंग हाउसच्या खातेवह्यांच्या नकला सरकारी वकिलाकडे पोचवू लागते. कार्टेल रोकड सोन्यात बदलतं, आणि सोन्याच्या लगडीत चाळीस ग्रॅमची तफावत तिच्या ध्यानात येते. तिथून ती पैशाचा माग काढत जाते. पान ३१८ वर कळतं की तिची खबर देणारा तिचा सख्खा दीर आहे. एकूण पानं ४२८. गोळीबार भरपूर, आणि भाषांतर बरं.

आधी वाटपाचं सांगायला हवं, कारण निम्मे घोटाळे तिथंच झाले. प्रती चार, वाचक चोवीस. म्हणजे एका प्रतीमागे सहा जण. प्रत्येकाला दहा दिवस धरले तर साठ दिवसांत फेरी पूर्ण व्हायला हवी होती. झाली नाही. जानेवारीत द्राक्षाचा माल काढायला सुरुवात होते, आणि नेमक्या त्या वेळी दोन प्रती बागायतदारांच्या घरात होत्या. दिवसभर बागेत आणि रात्री पेट्यांच्या हिशेबात असणारा माणूस ४२८ पानं दहा दिवसांत वाचणार कधी? एक प्रत तेवीस दिवस अडकली. यादी लावताना अकारविल्हे नावं घेतली होती, चूक तीच. बागायतदार डिसेंबरच्या पहिल्या वीस दिवसांत, निवृत्त मंडळी जानेवारीत आणि परीक्षेची पोरं सगळ्यात आधी, असा क्रम लावला असता तर एकही प्रत अडकली नसती.

दुसरा घोटाळा दिराचा. पहिल्या खेपेचे चार वाचक पंधरवड्यात मोकळे झाले आणि चहाच्या टपरीवर ‘दीरच फितूर निघतो’ हे फुटलं. नंतरच्या वाचकांच्या प्रतिक्रियांत दिराबद्दल पहिल्या पानापासून संशय दिसतो. अशा प्रतिक्रिया रहस्य कसं जमलंय हे ठरवायला काहीच कामाच्या नाहीत. त्या वेगळ्या बांधून ठेवल्या आणि नायिका, पैसा, घर या विषयांपुरत्याच वापरल्या.

गुणांचा तक्ता आणि पानचिठ्ठी

पहिल्या चार वाचकांना छापील तक्ता दिला होता. पाचपैकी गुण, आवडलेली व्यक्तिरेखा, न आवडलेला भाग, इतरांना सुचवाल का. तिघांनी चार गुण दिले, एकानं साडेतीन. न आवडलेल्या भागापुढं ‘काही नाही’. आपल्याकडे ग्रंथपालाच्या हातात कागद द्यायचा म्हटल्यावर माणूस पुस्तकाला वाईट म्हणत नाही. फुकट मिळालेल्या जेवणाला नावं ठेवल्यासारखं त्याला वाटतं. त्यातला एक वाचक नंतर चर्चेच्या कट्ट्यावर म्हणाला की शंभर पानं तर त्यानं उलटलीच होती. तक्त्यावर मात्र चार गुण.

म्हणून दुसऱ्या खेपेपासून तक्ता बंद केला आणि पानचिठ्ठी सुरू केली. ए-चार कागदाचे चार तुकडे केले की दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या आसपासची चिठ्ठी होते. तिच्यावर फक्त तीन गोष्टी: पान क्रमांक, तारीख आणि ‘इथं का थांबलात?’ नाव नाही. मागच्या पुठ्ठ्याला आतून पाकीट चिकटवलं, त्यात दहा कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक शिसपेन्सिल. शाईपेन मुद्दाम टाळलं, कारण पातळ कागदावर शाई मागच्या बाजूला उतरते आणि मग वाचक चिठ्ठीच लिहायचं टाळतो. पाकीट खळीनं चिकटवू नये, खळीला झुरळं लागतात. पांढरा गोंद चालतो. पुस्तक परत आलं की भरलेल्या चिठ्ठ्या काढून घ्यायच्या. हे राहिलं तर पुढचा वाचक आधीच्याचं वाचून तेच लिहितो. एकदा राहिलंच, आणि पान १०२ बद्दल तीन चिठ्ठ्या जवळपास त्याच शब्दांत आल्या.

‘आवडलं का?’ असं विचारलं की भिडेचं उत्तर येतं. ‘का थांबलात?’ याला भीड आडवी येत नाही. थांबण्याची कारणंही भलतीच निघाली: लाइट गेली, कुकरची शिट्टी झाली, नाव कळेना, रडू आलं, पटेना. पहिली दोन बाजूला काढली की उरतात त्या खऱ्या प्रतिक्रिया.

पान २१७

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या पान २१७ च्या. भाषांतरकाराला आणि प्रकाशकाला तिथं काही खटकलं नसावं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात वाचकालाही खटकलं नसतं.

प्रसंग असा आहे. कार्टेलचा माणूस लुटीचे तीन किलो दागिने, सगळे बावीस कॅरेटचे, घरातल्या गॅसच्या शेगडीवर स्टीलच्या पातेल्यात वितळवतो आणि चोवीस कॅरेटची तीन किलोची लगड ओततो. पुढं हीच लगड नायिकेच्या हातात येते, आणि कागदावरचं वजन व काट्यावरचं वजन यात चाळीस ग्रॅमचा फरक पाहून तिला वाट सापडते.

विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी देशभर पसरलेली. केरळ, तमिळनाडू, पंजाब, बंगाल, सराफकट्टा असेल तिथं गलाईवाला असतोच. म्हातारपणी गावी परतलेले असे चार जण या वाचकांत होते. त्यांच्या चिठ्ठ्यांवर राग नाही, नुसते आकडे आहेत.

पहिला आक्षेप तापमानाचा. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. बावीस कॅरेटमध्ये चांदी-तांबं असल्यानं थोडं आधी, तरी शेगडीवरच्या उघड्या पातेल्याला ते झेपत नाही. ज्योत स्वतः कितीही गरम असो, उष्णता चारी बाजूंनी निघून जाते, भांडं तेवढं तापत नाही. म्हणून तर भट्टी लागते: आत उष्णता कोंडून धरायला विटांचं अस्तर, हवा द्यायला ब्लोअर, ग्रॅफाइटची मूस, आणि मळ वर यावा म्हणून टाकणखार. स्टीलच्या पातेल्यात सोनं वितळवणाऱ्या पोराबद्दल एका चिठ्ठीत लिहिलंय, ‘आमच्या भट्टीवर आसता तर मालकानं दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून गावाला धाडला आसता.’

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. वितळवल्यानं सोनं शुद्ध होत नाही. बावीस कॅरेट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनं, शेकडा ९१.६७. तीन किलो दागिन्यांत शुद्ध सोनं निघणार २ किलो ७५० ग्रॅम. उरलेले अडीचशे ग्रॅम चांदी आणि तांबं. ते बाहेर काढायला वेगळी क्रिया आहे. आधी नमुना घेऊन टंच, म्हणजे शुद्धता, काढायचा. मग सोन्याच्या अडीच-तीन पट चांदी घालून पुन्हा वितळवायचं आणि रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे. ते दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये टाकले की चांदी-तांबं विरघळतं आणि तळाला तपकिरी भुकटी राहते. सोनं तेच. धुऊन, वाळवून, परत मुशीत घालून ओतलं की पिवळं दिसतं. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात. हे करताना तांबूस धूर निघतो, घशाला लागतो, आणि शेजारपाजाऱ्यांना कळल्याशिवाय राहत नाही. स्वयंपाकघरात चोरून करायचं हे कामच नव्हे.

आता गंमत बघा. कादंबरीतल्या बाईची सगळी हुशारी चाळीस ग्रॅमवर उभी आहे. हिशेबनीस म्हणून तिला ते दिसतं, हाच तिचा पराक्रम. पण त्याच लगडीत अडीचशे ग्रॅम नसलेलं सोनं आहे, ते तिला दिसत नाही आणि तिला घडवणाऱ्या लेखकालाही दिसलेलं नाही. गलाईच्या वाचकांनी इथं पुस्तक मिटलं नाही. चौघांनीही ते शेवटपर्यंत वाचलं. पण पान २१७ नंतरच्या त्यांच्या चिठ्ठ्यांत पैशाच्या व्यवहाराबद्दल एक अक्षर नाही. हवाला, बनावट कंपन्या, बँकेतले अधिकारी, पुढची साठ पानं याच विषयाची आहेत. ती त्यांनी विश्वास काढून घेऊन वाचली. गोळीबारात एकटी बाई सात जणांना लोळवते, यावर मात्र चौघांपैकी कुणाचीच हरकत नाही. ते खोटं असणार हे त्यांनी आधीच गृहीत धरलेलं. हिशेब तरी खरा असावा, एवढी त्यांची अपेक्षा.

थरारकथेबद्दल नेहमी म्हणतात की वाचकाला वेग हवा, बारकावे नकोत. विट्यात ते साफ खोटं ठरलं.

नावांचा गुंता

पान १०२ च्या तिन्ही चिठ्ठ्या नावाच्या. ‘जॉर्ज आणि होर्हे ही दोन माणसं आहेत का?’ नाहीत. स्पॅनिशमध्ये ज्या अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळचा होतो ते इंग्रजी वळणानं ‘ज’ झालं, आणि भाषांतरात दोन्ही रूपं राहून गेली. जालिस्को आणि हालिस्को, ज्युआरेझ आणि हुआरेस, तीच गत.

आडनावांनी त्याहून मोठा घोळ घातला. मेक्सिकोत माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं, आणि लग्नानंतर बाई आपलं आडनाव सोडत नाही. आपल्याकडे नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. त्यामुळे नायिकेचं आणि तिच्या नवऱ्याचं आडनाव वेगळं दिसताच दोन वाचकांनी हे तिचं दुसरं लग्न समजलं, आणि मयताचा भाऊ तिचा दीर लागतो हे त्यांना पान ३१८ पर्यंत कळलंच नाही. रहस्याचा फटका त्यांना बसलाच नाही, आणि दोष त्यांचा नव्हता. उपाय सोपा: चौदा पात्रांची नावं, एकच उच्चार आणि नातं लिहिलेली पुठ्ठ्याची बुकमार्क पट्टी. तिसऱ्या खेपेपासून ती घातली आणि नावांच्या चिठ्ठ्या थांबल्या. पट्टीवर दिराच्या पुढं फक्त ‘धाकटा दीर’ लिहावं. त्याच्या धंद्याचा उल्लेख केला की चाणाक्ष वाचक ओळखतो.

‘कार्टेल’ या शब्दाचीही अशीच कथा. भाषांतरात कुठं टोळी, कुठं माफिया, कुठं कार्टेल. बेदाण्याच्या सौद्यात वावरणाऱ्या एका वाचकानं लिहिलं की कार्टेल म्हणजे व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव धरणं. इथं तर एकमेकांचे गळे कापताहेत, मग कार्टेल कसलं? शब्दशास्त्राच्या दृष्टीनं त्याचं बरोबर आहे. अर्थशास्त्रात कार्टेल म्हणजे उत्पादकांनी भाव आणि पुरवठा आपसात ठरवणं. मेक्सिकोतल्या टोळ्या एकमेकींशी लढतात. नाव तेवढं चिकटून राहिलं.

द्राक्षवाल्यांनी काय वाचलं

पान ४० ते ७५ हा ॲव्होकाडोच्या पॅकिंग हाउसचा भाग. कॉलेजच्या मुलांनी तो ‘स्लो’ म्हणून पळवला. बागायतदारांनी तोच दोनदा वाचला. फळ तोडायची वेळ, आकारानुसार निवड, ट्रक अडवून किलोमागे मागितलेली खंडणी, आणि न दिल्यास ट्रक पेटवणं. आपल्याकडे चार किलोच्या पेटीवर भाव बोलतात. त्यांनी कादंबरीतली खंडणी लगेच पेटीमागे मोडून पाहिली. एका चिठ्ठीत फक्त गुणाकार आहे आणि खाली ‘हे दिलं तर औषधाचं बिल कुठनं भागवायचं?’

हा भाग लेखकाच्या कल्पनेतला नाही. मिचोआकानमधल्या फळबागायतदारांकडून वसुली हा तिथल्या टोळ्यांचा खरा धंदा आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी स्वतःच बंदुका घेऊन गट उभे केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मिचोआकानमध्ये काम करणाऱ्या अमेरिकेच्या निरीक्षकाला धमकी आली, तेव्हा अमेरिकेनं तिथल्या ॲव्होकाडोची तपासणी थांबवली आणि निर्यात काही दिवस बंद पडली. निर्यातीचा कंटेनर अडकला की काय होतं हे तासगाव-पलूस पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या कट्ट्यात ही माहिती दिल्यावर चर्चा तासभर पैसे बुडवून पळणाऱ्या दलालांवर गेली. पुस्तक टेबलावर तसंच पडून.

पोरीला कुठं ठेवलं?

वाचकांत अकरा बायका होत्या. पान १५० च्या आसपास नायिका आपली अकरा वर्षांची मुलगी मावशीकडे सोडते, आणि त्यानंतर नव्वद पानं त्या मुलीचा उल्लेखच नाही. बायकांच्या चिठ्ठ्या या नव्वद पानांवर विखुरलेल्या आहेत. ‘पोरगी?’ ‘पोरीला शाळेत कोण सोडतंय?’ ‘मावशीला धमकी येत न्हाई का?’ एकीनं पान २०५ वर लिहिलंय, ‘हिला घरी कुणी फोनसुद्धा करत नाही. असं घर कुठं असतं?’

कट्ट्यावर एका पुरुष वाचकानं याला ‘बायकांना घरगुतीच लागतं’ म्हणून उडवून लावलं. ते चुकीचं वाचन आहे. खंडणीखोर टोळीला बाईला नमवायचं असेल तर पहिला हात मुलीवरच पडेल. टोळीला हे सुचत नाही आणि नायिकेलाही त्याची धास्ती वाटत नाही, म्हणजे लेखकानं धोकाच अर्धा करून टाकला. चिठ्ठी घरगुती होती, दोष कथानकाचा होता.

उलट तक्रारही आली, जास्त करून पुरुषांकडून: एवढं एक बाई करूच शकत नाही. दुसऱ्या कट्ट्याआधी त्यावर एक पानभर टिपण वाटलं. त्यात दोन बायका होत्या, एक मेक्सिकोतली आणि एक इथली.

मेक्सिकोतली मिरियम रोद्रिगेस. तामाउलिपास राज्यातल्या सान फर्नांडो गावची. तिच्या मुलीचं, कारेनचं, टोळीनं अपहरण केलं. खंडणी भरूनही मुलगी परत आली नाही. मिरियमनं एकेका गुन्हेगाराचा माग काढला. केस कापून रंगवले, कधी आरोग्य कर्मचारी तर कधी सर्वेक्षणाला आलेली बाई बनून घरोघरी नावं-पत्ते गोळा केले आणि पोलिसांच्या हाती दिले. १० मे २०१७ ला, मेक्सिकोतल्या मातृदिनी, तिला घरासमोर गोळ्या घातल्या.

इथल्या म्हणजे हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या. त्यांचं उत्तरायुष्य विट्यात गेलं, २०२१ मध्ये त्या वारल्या. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ मध्ये, भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवऱ्यानं मारलेल्या बाईचं सोंग त्यांनी वठवलं. खोटा नवरा दगड घेऊन धावला, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी चौकीतली हत्यारं उचलली. पुढं गोव्याच्या तुरुंगातल्या सहकाऱ्याला सुटकेचा बेत कळवायला चिठ्ठी नेली ती अंबाड्यात लपवून.

टिपणानंतरच्या चिठ्ठ्यांचा सूर बदलला. ‘बाई करू शकत नाही’ गेलं. त्या जागी आलं ते बारीक आणि उपयोगाचं: ही बाई पिस्तूल कशाला चालवते? वहीतला आकडा वाचता येणाऱ्या बाईला सोंग घेता येतं, आणि बाईच्या सोंगावर संशय कमी घेतात, हे दोन्ही बायकांनी दाखवलंय. कादंबरीत पहिल्या दीडशे पानांत नायिका अशीच वागते, नकला काढते, मूर्ख असल्याचं नाटक करते. नंतर लेखक तिच्या हातात बंदूक देतो आणि ती इतर कुठल्याही नायकासारखी होते. सत्तरीतल्या एका वाचक बाईंनी हे एका ओळीत मांडलं: ‘हिचं डोकं पान १६० ला संपलं, मग नुसता हात चालतोय.’

जानेवारीच्या आधीच्या आणि नंतरच्या चिठ्ठ्या

चिठ्ठीवर तारीख ठेवल्याचा फायदा अनपेक्षित ठिकाणी झाला. कादंबरीत पान २८० ला एक बंद शेड आहे. मालकाला तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मिळालेलं, म्हणून तो आत काय चाललंय विचारत नाही. डिसेंबरातल्या चिठ्ठ्या म्हणतात, ‘शेजारच्यांना वास येत नाही होय?’, ‘फिल्मी’. जानेवारी २०२५ च्या अखेरीस विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीतल्या शेडवर पोलिसांचा छापा पडला आणि कोट्यवधींचं एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, सापडलं. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडला आणि मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत असंच घडलं होतं. पण कुपवाड लांब वाटतं, कार्वे लांब वाटत नाही. फेब्रुवारीतली, त्याच पान २८० ची चिठ्ठी: ‘बरोबर आहे. असंच.’

ही प्रतिक्रिया पुस्तकाची की बातमीची? दोन्हीची, आणि म्हणून ती लेखकाच्या खात्यावर जमा करता येत नाही. छाप्यानंतरच्या चिठ्ठ्यांत कादंबरीचा वास्तवपणा एकदम वाढलेला दिसतो. त्यातली एक ओळही लेखकानं बदललेली नव्हती. प्रतिक्रिया गोळा करणाऱ्यानं तारीख विचारली नसती तर ‘वाचकांना शेडचा प्रसंग खरा वाटला’ एवढंच हाती लागलं असतं.

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका वाचकाच्या चिठ्ठ्या वेगळ्या. नायिकेला मदत करणारा अधिकारी पुडी फोडतो, बोट बुडवतो आणि जिभेला लावून ‘माल खरा’ म्हणतो. चिठ्ठी: ‘हा दुसऱ्या वेळी जिवंत राहणार नाही.’ फेंटानिल या अमली पदार्थाचे दोन मिलिग्रॅमसुद्धा घातक ठरू शकतात. अनोळखी भुकटी कुणी चाखत नाही. जागेवर चाचणीचं किट वापरतात, रंग पाहतात, आणि पक्का निकाल प्रयोगशाळेचा. त्यांनी आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याची फूटपट्टीही लावली: कलम ४२ प्रमाणे मिळालेली खबर लेखी घ्यायची, कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क सांगायचा, बाईची झडती बाईनंच घ्यायची, कलम ५२-अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर. मेफेड्रोनचं व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅम. त्यापुढं दहा ते वीस वर्षं. सगळं अचूक, पण कादंबरी मेक्सिकोत घडते. तिथल्या अधिकाऱ्यानं पंच बोलावले नाहीत ही चूक धरता येत नाही. पुडी चाखणं मात्र कुठल्याही देशात चूकच.

पुस्तक काढून टाका

छाप्यानंतर आठवड्यानं एका पालकाचा अर्ज आला. पुस्तकात अमली पदार्थ बनवण्याची कृती दिली आहे, मुलं वाचतात, ते देवघेवीतून काढावं. गावातलं वातावरण बघता समितीला लगेच मान्य करण्याचा मोह झाला. केलं ते असं: अर्जदाराकडून पान क्रमांक लेखी मागवले (१८८ ते २०३), तीन जणांनी ती पानं आणि मागची-पुढची पंधरा पानं वाचली, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक देवघेवीत राहू दिलं. एकदा कपाटात गेलेलं पुस्तक निर्णयानंतरही सहसा बाहेर येत नाही, म्हणून ही शेवटची अट महत्त्वाची.

पानं वाचल्यावर दिसलं की कृती नाहीच. पिंप, मास्क, डोकेदुखी, वासानं मेलेलं कुत्रं, हातावरचे व्रण, एवढंच. एकाही रसायनाचं प्रमाण नाही. अर्जदाराला ती पानं समोर बसवून दाखवली. त्यांनी ती आधी वाचलेली नव्हती. कुणीतरी सांगितलं होतं. अर्ज त्यांनी मागे घेतला नाही, पण पुढं नेलाही नाही. पुस्तक मोठ्यांच्या विभागात होतं, तिथंच राहिलं.

फेरी संपली ती फेब्रुवारीच्या शेवटी, ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा. दोन प्रतींची शिवण सुटली होती, बांधणीला टाकल्या. तिसऱ्या प्रतीच्या पान २१७ वर समासात पेन्सिलीनं ‘२७५०’ लिहिलेलं आहे आणि त्याखाली दुसऱ्या हातानं ‘मग २५० कुणी खाल्लं?’ पुस्तकात लिहू नये असा नियम दारावर लावलेला आहे. बाकीची पानं खोडरबरानं साफ केली, ते पान तसंच ठेवलं.